तीन देशांचे पाढे

नवीन पनवेलमधल्या त्या सोसायटीत पद्मजा वैशंपायन बाईंचं ज्याच्याशी भांडण झालेलं नाही असं घर शोधायला कुणी निघालं, तर त्याला कुलूप लावलेला फ्लॅटच दाखवावा लागेल. पार्किंगवरून झालं, गच्चीवरच्या वाळवणावरून झालं, कबुतरांना दाणे टाकणाऱ्या बिऱ्हाडाशी तर अजून अबोला आहे. पण सगळ्यांत जुनं आणि सगळ्यांत रंगलेलं भांडण आवाजाचं. संध्याकाळ झाली की तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंच्या हॉलमधून पोरापोरींचा गजर सुरू व्हायचा. "देश : ग्वो, गुक, कोकु! शिकणं : श्युए, हाक, गाकु! डोंगर : शान, सान, सान!" आणि दर ओळीच्या शेवटी आवाज वर चढायचा, एक गिरकी घ्यायचा आणि हळूच खाली बसायचा. सेक्रेटरी दयाराम एकदा दार वाजवून म्हणाले, "बाई, हे भुतं उतरवायचे मंत्र आहेत का?" बाईंनी दार लावून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'ज्यांना एक भाषा धड येत नाही, त्यांनी तीन भाषांची तक्रार करू नये.' दयारामांनी फळा पुसला आणि त्या आठवड्यात फळ्याला कुलपाची काच बसली.

बाई मूळच्या पुण्याच्या. नवरा कृष्णकांत पाताळगंगेकडच्या एका कारखान्यात लागला म्हणून पनवेलला आल्या, आणि आल्या त्या दिवसापासून पनवेलला नावं ठेवू लागल्या. जपानी त्या लग्नाआधीच शिकल्या होत्या. कारखान्यात जपानी इंजिनियर यायचे, त्यांच्यासाठी दुभाषी म्हणून अधूनमधून बोलावणं यायचं, त्यातून शिकवणी सुरू झाली. पुढे जवळचं बंदर वाढलं, चिनी आणि कोरियन कंपन्यांची माणसं दिसायला लागली, तशा बाई हट्टानं चिनी शिकल्या आणि केस पांढरे झाल्यावर कोरियनही शिकल्या. 'सेन्सेई' म्हटलेलं त्यांना खपत नसे. "सेन्सेई जपानात. इथे बाई म्हणायचं," असं पहिल्याच दिवशी बजावत. पोरं त्यांना घाबरत, आणि खरं सांगायचं तर पोरांनी घाबरावं हे बाईंना मनापासून आवडायचं.

पाढ्यांची गोष्ट अशी. चिनी अक्षराला अर्थ एक असतो, पण उच्चार ज्या त्या देशाचा. अक्षरं चीनमधून कोरियात गेली, तिथून जपानात गेली, आणि प्रत्येक देशानं ती आपल्या तोंडाला बसतील तशी बोलली. बाकीचे मास्तर एकेक भाषा सुटी शिकवतात आणि पोरांच्या डोक्यात सगळ्याची खिचडी होते. बाईंनी तिन्ही उच्चार एका ओळीत गुंफले आणि पोरांकडून पाढ्यांसारखे घोकून घेतले. मराठी पोराला बाकी काही नसलं तरी पाढे म्हणायचा गळा असतो, असं त्या म्हणायच्या. एक ओळ चुकली की हात वर करायच्या आणि म्हणायच्या, "चूक. परत." बस, एवढंच. कुठे चुकलं ते सांगत नसत. पोरानं आपलं आपण शोधायचं आणि परत म्हणायचं.

या सगळ्यात बाईंचा लाडका होता शेवटचा 'क'. तो शिकवायची वेळ आली की त्यांचा चेहरा मऊ व्हायचा, वर्षातून तेवढाच. "पूर्वी चिनीत देशाच्या अक्षराच्या शेवटी एक 'क' होता," त्या सांगत. "बेजिंगवाल्यांच्या तोंडून तो झिजत झिजत गेला, राहिलं नुसतं ग्वो. कोरियानं तो दातांत धरून ठेवला, गुक. जपान्यांना तो सुटा बोलता येईना, त्यांनी त्याला 'उ'चं शेपूट जोडलं, कोकु. म्हणजे ज्याचा माल त्यानं हरवला आणि जे उसना घेऊन गेले त्यांनी सांभाळला. मग यात चूक कोण?" आणि लगेच स्वतःच म्हणत, "कुणीच नाही! तिघंही बरोबर!" जगात कुणीच चुकलेलं नाही असं बाईंनी म्हटलेली ही एकच जागा.

बाईंना मूलबाळ नव्हतं. पुस्तक लिहायचं राहून गेलं होतं. आपण गेल्यावर मागे काय राहील याचा विचार त्या अलीकडे फार करायच्या, आणि उत्तर दर वेळी एकच यायचं. राहतील ते हे पाढे. आपल्या शब्दांचे, आपल्या चालीचे. म्हणून तर पुढे जे झालं ते त्यांना इतकं झोंबलं.

समीक्षा घरत पहिल्यांदा आली ती वडिलांबरोबर, सोसायटीच्या फाटकातून आत न मावणाऱ्या गाडीतून. वडील कमळाकर घरत चिरनेरचे. कधीकाळी भातशेती आणि मिठागर, आता जागा, गाळे आणि गळ्यात बोटाएवढी चेन. बाईंना ती चेन बघूनच राग आला. "बाय, पोरीला कोरियन शिकवा," कमळाकर म्हणाले, "बंदरान सगले सायब कोरियन येतान." बाईंनी त्यांना बसाही म्हटलं नाही. "आधी जपानी. मग चिनी. मग कोरियन. आणि चपला बाहेर."

पोरीचा कान मात्र असा होता की बाईंना खोड काढायला जागा मिळेना. कोरियन गुक म्हणताना शेवटचा 'क' ओठाबाहेर न सोडता घशातच अडवायचा असतो. बाकीची पोरं महिनोन् महिने 'गुक्क' करत थुंकायची. समीक्षानं तो पहिल्याच दिवशी अडवला. बाईंनी शाबासकी दिली नाही. खिडकीजवळच्या कोपऱ्यात बसून ती सारखं काहीतरी स्वतःशी गुणगुणायची, त्यावरून मात्र रोज बोलल्या. "काय पुटपुटतेस गं? हे काय भजनी मंडळ आहे?"

आणि पोरीचं मराठी! हाय, नाय, पानी, कोन. बाईंच्या कानात प्रत्येक शब्द खड्यासारखा टोचायचा. जपानी वाक्य निर्दोष बोलून झाल्यावर समीक्षा म्हणायची, "बाई, मना उद्या यायला जमनार नाय," आणि बाई सगळ्या वर्गासमोर तिच्याकडून ते वाक्य शुद्ध करून घ्यायच्या. "जमणार नाही. ण. ही. चूक. परत." पोरं हसायची. समीक्षा हसत नसे. ती वाक्य परत म्हणायची, बरोबर म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आपलंच बोलायची. हट्टाला हट्ट भेटला होता.

ठिणगी पडली ती वर्गाच्या वार्षिक कार्यक्रमाला. एका जपानी कंपनीचे पाहुणे येणार होते आणि पाढ्यांची सुरुवात समीक्षानं करायची असं ठरलेलं होतं. पण सुरुवातीला दोन शब्द मराठीतही बोलायचे होते. तालीम चालू असताना बाईंनी तिच्या हातातला माइक काढला आणि हेतल नावाच्या दुसऱ्या मुलीला दिला. हेतलचा कान बहिरा म्हणावा इतपत होता, पण मराठी पुस्तकासारखं होतं.

"का, बाई?" समीक्षानं विचारलं.

"तुझ्या तोंडात जपानी शोभतं. मराठी नाही शोभत."

समीक्षा जागची हलली नाही. "तुमीच सांगता ना, ग्वो बरोबर, गुक बरोबर, कोकु पन बरोबर. मग माजा 'नाय' चूक कसा?"

"ते देश आहेत," बाई म्हणाल्या. "चिरनेर देश नाही."

"जंगल सत्याग्रहात देशासाठी इंग्रजांच्या गोल्या खाल्ल्यात आमच्या गावानं, बाई," समीक्षा म्हणाली. तिनं चपला घातल्या, जिना उतरली आणि परत आली नाही. ज्या माणसासमोर बाईंना उत्तर सुचत नसे, त्या माणसाला बाई जन्मभर माफ करत नसत.

मधे बरीच वर्षं गेली. समीक्षा कोरियात जाऊन शिकून आल्याचं कानावर आलं. बाई "हं" म्हणाल्या. मग तिनं पनवेलात वडिलांच्याच इमारतीत वर्ग काढला. चकचकीत पाटी, गार हवा, बसायला रंगीत खुर्च्या. बाईंच्या हॉलमधल्या सतरंज्या हळूहळू रिकाम्या पडू लागल्या. सोडून जाणारी पोरं परीक्षेचं, आजारपणाचं, गाव बदलल्याचं कारण सांगायची आणि आठवडाभरात समीक्षाच्या जिन्यावर दिसायची. बाई त्या रस्त्यानं भाजीला जायच्या बंद झाल्या. कृष्णकांतरावांना लांबच्या वाटेनं पिशव्या ओढाव्या लागल्या, पण तक्रार करण्याची सवय त्यांनी लग्नानंतर लवकरच सोडली होती.

आणि मग हेतलनं तो व्हिडिओ पाठवला. खाली लिहिलं होतं, 'बाई, बघितलंत का?' असं लिहिणाऱ्या माणसाला आपण आग लावतोय हे पक्कं ठाऊक असतं.

व्हिडिओत समीक्षा होती. मागे पंधरावीस पोरं. सगळी मिळून टाळ्या वाजवत म्हणत होती, "देश : ग्वो, गुक, कोकु! शिकणं : श्युए, हाक, गाकु!" तोच क्रम, तेच शब्द, तीच चाल. लाखो लोकांनी ते बघितलं होतं. शेवटी समीक्षा कॅमेऱ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "ही आमच्या घरची चाल हाय."

"आमच्या घरची!" बाई इतक्या जोरात ओरडल्या की कृष्णकांतरावांच्या हातातला चहा बशीत सांडला. "ऐकलंत? आमच्या घरची! हिच्या घरात पुस्तक तरी होतं का एखादं? माझे पाढे. माझी चाल. माझ्या शाळेत पाढे म्हणायचो ती चाल!"

कृष्णकांतरावांनी व्हिडिओ परत लावला. ऐकला. मग चष्मा पुसत ते म्हणाले, "अगं, पण ही चाल तुझ्याकडे आधी नव्हती. आधी तुमचे पाढे नुसते सरळ असायचे. मला आठवतं, मी आत बसून पेपर वाचत असायचो. हे चढउतार मागाहून आले."

"तुम्हाला काय कळतंय चालीतलं? आरती म्हणताना तुमचा सूर देव्हाऱ्याबाहेर जातो."

त्यावर कृष्णकांतराव पेपरमागे गेले. बाईंनी व्हिडिओ आणखी एकदा लावला, मग आणखी एकदा, आणि एकाएकी त्यांना हवी ती गोष्ट सापडली. समीक्षाच्या पोरांच्या ओळी शेवटी सपाट पडत होत्या. आवाज वर चढत होता आणि तिथेच तुटत होता. गिरकी नव्हतीच! "बघा, बघा," बाई म्हणाल्या, आणि आनंदानं त्यांच्या गालांवर रंग आला. "चोरून नेली, पण शेवट नेता नाही आला. शेवट येतो तो फक्त माझ्या पोरांना. ज्याची चाल त्यालाच शेवट येतो. आता हे तिच्या तोंडावर सांगते. व्हिडिओ काढायला लावते, नाहीतर माझं नाव घालायला लावते. तिच्या बापासमोर."

रविवारी दुपारी त्यांनी कृष्णकांतरावांना गाडी काढायला लावली. वर्गावर नाही, घरीच जायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. वर्गात पोरं तिच्या बाजूची असणार. रस्ताभर बाई वाक्यं घोटत होत्या. कृष्णकांतराव कंटेनरांच्या रांगांमधून गाडी काढत "हो, हो" म्हणत होते.

घरतांच्या बंगल्यासमोर मांडव होता. केळीचे खांब, झेंडूची तोरणं, पिवळ्या साड्या आणि छातीत धडधड व्हावी एवढ्या मोठ्या आवाजात लावलेली गाणी. समीक्षाच्या धाकट्या भावाची, दीपेशची, हळद होती. बाईंना हे ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. "परत जाऊ या," कृष्णकांतराव म्हणाले. "का म्हणून?" बाई म्हणाल्या आणि गाडीतून उतरल्या. त्यांना वाटलं, बरंच झालं, सगळं गाव ऐकेल.

पण हळदीच्या मांडवात पाय ठेवलेल्या बाईला कशाला आलीस म्हणून कुणी विचारत नाही. तोंड उघडायच्या आत दोघीतिघींनी तिला धरून पाटावर बसवलेलं असतं. कमळाकर घरत धावत आले, म्हणाले, "बाय! तुमी आयलाव! लय बरा केलाव!" आणि कृष्णकांतरावांच्या खांद्यावर हात टाकून त्यांना पंगतीकडे घेऊन गेले. कृष्णकांतराव गेले ते गेलेच. इकडे एका म्हातारीनं बाईंच्या दोन्ही गालांना ओली हळद चोपडली, दुसरीनं कोपरापर्यंत हात माखले. बाईंची पांढरी इस्त्रीची साडी, त्यावर पिवळे पंजे उमटले. भांडायला आलेल्या माणसाची इतकी फजिती क्वचितच होत असेल.

हळदीचं ताट घेऊन समीक्षा समोर आली आणि थबकली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. आजूबाजूच्या बायांना वाटलं, किती वर्षांनी गुरू-शिष्याची भेट!

"व्हिडिओ काढून टाक," बाई म्हणाल्या.

समीक्षानं ताट खाली ठेवलं, बोटांवर हळद घेतली आणि बाईंच्या कपाळाला लावत, ओठ न हलवता म्हणाली, "नाय काढनार."

"मग माझं नाव घाल."

"शब्द तुमी जोडलाव. ते सांगेन. खुशाल सांगेन. पन चाल तुमची नाय."

"निर्लज्ज आहेस. माझ्या हॉलमध्ये बसून शिकलीस आणि वर तोंड करून सांगतेस? शेवट तरी येतो का तुला? तुझ्या एकाही पोराला गिरकी घेता येत नाही. ज्याची चाल त्याला शेवट येतो."

"कसली गिरकी?" समीक्षानं विचारलं. आणि बाईंच्या लक्षात आलं की ती सोंग करत नाहीये. तिला ती खरंच आठवत नव्हती.

तेवढ्यात कुणीतरी ओरडून गाणी बंद करवली. मालूआजी धवला म्हणणार होती. ही कमळाकरांची चुलती, गावची धवलारीण. धवलारीण म्हणजे लग्नात विधीची धवले नावाची गाणी म्हणणारी बाई, आणि आसपासच्या गावांत मालूआजीच्या धवल्याशिवाय हळद लागायची नाही, असा एक काळ होता. आता तिला दोघींनी धरून आणलं. दम्यानं छाती भात्यासारखी वरखाली होत होती. पोरं मोबाइल काढून कंटाळलेल्या चेहऱ्यानं उभी राहिली. डीजेवाला वायरी गुंडाळायचं सोंग करत सिगारेट ओढायला गेला.

आजी म्हणाली :

"उंबराची डहाली गो कोनी आनिली,
मामानं आनिली, मांडवी रोविली…"

पहिल्या ओळीलाच बाई पाटावर ताठ बसल्या. देश : ग्वो, गुक, कोकु. तीच चाल. शब्द उंबराचे होते, पण चढ तोच, थांबा तोच, वर जाणं तेच. आजीला ही चाल बाईंच्या हॉलमधून कुणी आणून दिलेली नव्हती. तोंडात दोन दात उरलेल्या त्या म्हातारीला ती तिच्या आईनं दिली असणार आणि आईला तिच्या आईनं. बाईंना खिडकीजवळचा कोपरा आठवला. पुटपुटणारी, तेव्हा ओळीशेवटी गिरकीही घेणारी पोरगी आठवली. 'हे काय भजनी मंडळ आहे?' मग शेजारच्या पोरी तसंच म्हणू लागल्या, मग सगळा वर्ग. पाढे पोरांना चटकन पाठ होऊ लागले तेव्हा बाईंनी पुटपुटण्यावरून बोलणं सोडलं आणि एक दिवस त्या स्वतःच तसं म्हणू लागल्या. कुठून आली ते विसरून गेल्या. विसरणं सोयीचं होतं म्हणून विसरल्या.

बाईंना लाज वाटली. आणि लाज वाटली म्हणून त्यांना आणखी राग आला, समीक्षाचा, कृष्णकांतरावांचा, त्या म्हातारीचाही.

आजीचा आवाज वर चढला आणि दम संपून तिथेच तुटला. शेवट सपाट पडला. पुढची ओळ, पुन्हा तसंच. बाकीच्या बाया तिच्या मागून म्हणत होत्या, त्याही तिथेच तोडत होत्या. सगळ्या मांडवात शेवटाची आठवण कुणालाच नव्हती. चुकीची ओळ ऐकून गप्प बसणं बाईंना उभ्या जन्मात जमलेलं नाही. तिसऱ्या ओळीला आजीचा आवाज वर जाऊन तुटला आणि बाईंच्या गळ्यातून, त्यांना कळायच्या आत, गिरकी बाहेर पडली. वर चढली, वळली आणि हळूच खाली बसली.

मालूआजीनं मान वळवली. आपल्या पुढ्यात हळदीनं माखलेली ही शहरी बाई कोण, हे तिला समजेना.

"ती माज्या आयशीची गिरकी," आजी म्हणाली. "माजा दम सरला तवापासून कोनी घेत नाय. ह्या पोरी पार इसरल्या. बाय, तुला कोनी शिकवलान?"

बाईंनी तोंड उघडलं. ज्याचा माल त्यानं हरवला, उसना नेणाऱ्यानं सांभाळला, हे वाक्य त्यांनी शेकडो पोरांना शिकवलं होतं. आज आपण त्यात कुठे उभ्या आहोत हे त्यांना नीट दिसलं. शाळेत शिकले, असं म्हणता आलं असतं. आजी काही पुण्याला जाऊन तपास करणार नव्हती. समोर समीक्षा उभी होती, पिवळे हात तसेच धरून. ती नुसती वाट बघत होती. पोरगी चुकणार की नाही याची बाई वर्गात वाट बघायच्या, अगदी तशी.

"हिनं," बाई पुटपुटल्या.

"परत," समीक्षा म्हणाली.

तिच्या आवाजात जरासुद्धा माया नव्हती. बाईंनी मान वर केली. "गिरकी?"

"नाय. आदी बोललाव ते. सगल्यांना ऐकू येल असा."

कृष्णकांतराव पंगतीतून हात धुवायला उठले होते. ते ओला हात तसाच धरून मांडवाच्या कडेला थांबले. "समीक्षा घरतनं शिकवली," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "चिरनेरच्या. माझ्या वर्गात बसून तिनं शिकवली आणि मी माझी म्हणून मिरवली."

कुणीतरी हसलं, कुणीतरी "आयला" म्हणालं. मालूआजीला सगळं ऐकू आलं की नाही कोण जाणे. समीक्षाचा चेहरा निवळला नाही. ती धन्यवाद म्हणाली नाही, पाया पडली नाही, बाईंना उठवून खुर्चीवर बसवलं नाही. माइकची ती दुपार ती विसरलेली नव्हती आणि विसरणारही नव्हती. तिनं फक्त साडी सावरली आणि बाईंच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसली, शिकायला बसतात तशी.

"आता गिरकी म्हना," ती म्हणाली. "मना आता येत नाय ती."

बाईंनी म्हटली. समीक्षानं त्यांच्या तोंडाकडे बघत ऐकली आणि म्हणून दाखवली. वर गेली, वळली, पण खाली बसताना घाईनं बसली.

बाईंचा पिवळा हात आपोआप वर गेला.

"चूक," त्या म्हणाल्या. "परत."

समीक्षानं एकदा त्यांच्याकडे रागानं बघितलं आणि परत म्हटलं.